भावजींचं अस्वल

ये, अशी जवळ बस. किती महिन्यांनी आलीस, आणि आल्याबरोबर फोनमध्ये तोंड! ठेव तो खाली. तुला आमच्या भावजींचं सांगते. माझे धाकटे दीर. असा हट्टी माणूस अख्ख्या मावळात शोधून सापडायचा नाही. रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता इथं कुरवंड्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहून माझं डोकं खातात.

यांना वेड कशाचं, तर टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमाचं. एक बावळट अस्वल, एक आगाऊ कोंबडी, रोज नवी भानगड. संध्याकाळ झाली की वरच्या ठाकरवाडीतली पोरं उतरायची आणि यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची. मधे कुणी बोललं की भावजी लाल झेंडी दाखवणार. मी चहाचं विचारायला गेले, तर मलाही झेंडी! माझ्याच घरात, मेलं!

एक दिवस पडद्यावर पाटी आली, कार्यक्रम पैसेवाल्या चॅनेलवर गेला. माझा मुलगा म्हणाला, "काका, मी भरतो ना." भावजी भडकलेच. "पोरांच्या अस्वलाला बी टोल? उर्श्याचा नाका हाय व्हय ह्यो? एक पै द्यायची न्हाई!"

"भावजी, हट्ट तुमचा, पण पोरं यायची बंद होतील," मी म्हटलं. तेव्हा कुठं गप्प बसले. बसले कसले! दुसऱ्या दिवशी घोंगडी पांघरून स्वतःच अस्वल झाले. अस्वल करवंदं चोरतं, अस्वल लोणावळ्यात चिक्कीला चिकटून बसतं, काय वाट्टेल ते. आणि कोंबडी कोण? मी! गुडघे धरून अंगणभर कॉक कॉक करत फिरायचं. वर यांची तक्रार, "वयनी, जीव वता की जरा! भाकरी थापताय का कोंबडी करताय?"

पोरं पोट धरून हसायची. पण मग वाडीतल्या एका घरी मोबाइलवर खरा कार्यक्रम दिसायला लागला. काल दोनच पोरी आल्या. त्यातली धाकटी म्हणाली, "आबा, खरं अस्वाल आसं न्हाई चालत."

"मंग कसं चालतंय? दाव बरं."

तिनं दाखवलं, आणि हे साठी उलटलेले गृहस्थ तिच्यामागं डुलत डुलत तसंच चालायला शिकले.

पोरी गेल्या तरी घोंगडी काढेनात. वाडीच्या वाटेकडं बघत म्हणाले, "वयनी, उद्या कोंबडीचं जरा लांबवा. बाकीची येईपत्तूर."

आता अशा माणसावर चिडायचं तरी किती? तू परत लवकर ये गं. आणि येताना तुझ्या पोरांना घेऊन ये, हसणारं कुणीतरी हवं.