हनुवटीवरचे केस आणि एक्स-रे

“एक्स-रेने केस जातात म्हणे. मग एकदाच काय ते उरकून टाका, डॉक्टरम्मा,” वेंकटराव म्हणाले. शेजारी त्यांची मुलगी कमला हनुवटीवर पदर धरून बसली होती. दोघं पापनाशमहून सकाळच्या गाडीने आली होती. महिन्याभरात मुलाकडचे तिला बघायला येणार होते.

कुंभकोणमच्या आमच्या नर्सिंग होममध्ये एक्स-रेचं मशीन होतं, ते हाडं बघायला. किरणांचा मोठा डोस दिला की केसांची मुळं मरतात हे खरं. पण कातडीलाही तो बाधतो. मद्रासला शिकताना मी अशी एक बाई पाहिली होती. गाल आधी गुळगुळीत झाला होता. काही वर्षांनी तिथेच न भरणारी जखम झाली.

मी नाही म्हटलं. वेंकटराव कमलाला घेऊन तडक नर्सिंग होम चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला बोलावलं.

“पेशंट मागतोय, मशीन आहे. तुमची हरकत काय?”

“द्यायचं तर तुम्ही द्या, सर. माझ्या हातून होणार नाही.”

“मग दुसरं काय आहे?”

“इलेक्ट्रोलिसिस.”

म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची आणि बॅटरीचा सौम्य करंट सोडायचा. मूळ जळतं, केस चिमट्याने अलगद निघतो. एका वेळी एकच केस. पेशंटने हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली धातूची कांडी धरायची. कांडी सोडली की करंट बंद.

“महिन्याभरात होईल?” वेंकटरावांनी विचारलं.

“नाही. वर्षही लागेल. मधे लाल ठिपके दिसतील.”

“चल, कमला.” ते उठले.

कमला उठली नाही. तंजावरकडच्या त्यांच्या घरच्या मराठीत हळूच म्हणाली, “अप्पा, तोंड माझं आहे. सुईच करू.”

ती दर शनिवारी आईबरोबर यायची. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहायचं, पण कांडी तिने कधी सोडली नाही.

बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा निम्मी हनुवटी व्हायची होती. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “नाही म्हणाले.” आणि टेबलावर आडवी झाली.

हनुवटी साफ व्हायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर तिने शिक्षिकेचं ट्रेनिंग सुरू केलं होतं. लग्न पुढे झालं, दुसऱ्या घरी.

त्यानंतर केसांसाठी कुणी एक्स-रे मागितला की मोठे डॉक्टर त्याला माझ्याकडे धाडत. किती वेळ लागेल ते मी आधीच सांगत असे. बरेच जण उठून जात. मी त्यांना कधी थांबवलं नाही आणि खोटी तारीखही दिली नाही.