सुजल्या पायाची सोयरीक

सोलापूर स्टेशनवर पाय ठेवताच तात्यांनी जाहीर केलं, की इथलं पाणी जड आहे. अजून ते प्यायलेही नव्हते. तात्या म्हणजे माझ्या भाच्याचे काका. स्वतःच्या घरात कोण आजारी आहे याचा पत्ता नाही, पण दुसऱ्याच्या घराण्यातली खोट ह्यांना कोसावरून दिसते. भाचा मधू, बँकेत कारकून. त्याच्यासाठी वैरागची मुलगी बघायला आम्ही पुण्याहून निघालो होतो. मी मामा, शाळेत शरीरशास्त्र शिकवणारा, म्हणजे लग्नाच्या बोलण्यात शोभेपुरता.

वैरागच्या एस.टी.ला निम्म्या खिडक्यांच्या काचा नव्हत्या. बाहेर शाळू (रब्बीची ज्वारी) कणसाला आला होता. धुळीने तात्यांना शिंका सुरू झाल्या आणि त्यांनी इथल्या हवेलाही नावं ठेवली. खरं तर त्यांचं नाक आत आलेली धूळ बाहेर फेकत होतं. अख्ख्या तात्यांत तेवढा एकच अवयव कामाचा होता.

मुलीचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, स्टँडवर घ्यायला आले. घरी कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि वर कोवळा हुरडा. तात्यांनी मागून मागून वाढून घेतलं आणि हात धुताना चटणी तिखट असल्याचं सांगितलं.

मग मुलगी, शालन, आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक झाल्यावर तात्यांनी ठेवणीतला हुकूम काढला: जरा चालून दाखव. ती चालली. उजवा पाय टेकताना तिने ओठ दाताखाली धरला. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने माझ्या कानात कुजबुजले, "लंगडी."

अण्णांचा चेहरा उतरला. "लंगडी न्हाय ओ. रानात बाभळीचा काटा मोडलाय पायात. पाव्हणं येनार म्हनून बोललो न्हाय."

शालनच्या आत्याने दारातूनच सांगितलं, की बिब्ब्याचा चटका दिलाय आणि अवधाणही (जांघेत येणारी गाठ) आलंय. ‘लंगडी’ ह्या ज्या शब्दाच्या धास्तीने त्यांनी काटा लपवला, तोच शब्द पदरात पडला. आता तात्या तो सोयऱ्याधायऱ्यांत पोचवणार आणि ह्या पोरीला कुणी दारात उभं करणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला तात्यांची किळस आली.

मी परवानगी घेऊन पाय पाहिला. तळवा लाल, गरम, ताणलेला. काट्याच्या तोंडाशी पिवळा ठिपका. मी सांगितलं, हे व्यंग नाही, ही राखण आहे. कातडी म्हणजे तट. काटा तो फोडून जंतू आत नेतो. तिथल्या पेशी बोंब ठोकतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी पाझरतं, म्हणून सूज. मग पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर येतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात; पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. हे कुणी शिकवावं लागत नाही, माणूस ते जन्मतःच घेऊन येतो. बिब्बा बंद करा, डॉक्टरकडून काटा काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या.

माझ्या वर्गातली पोरं एवढ्यात जांभई देतात. तात्यांनीही दिली. पू म्हणजे रक्तच नासकं, असा निकाल देऊन ते म्हणाले, की पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ, मुलीने नीट चालून दाखवावं, मग ठरवू. अण्णा मान डोलवायला लागले. मधू कपातल्या चहाकडे बघत होता.

"अण्णा," शालन म्हणाली, "पाय बरा हुईल. पर ह्यास्नी परत चालून दावनार न्हाय मी. न्हाय म्हना."

अण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग त्यांनी हात जोडले. "पाव्हणं, निगा आता. गाडी चुकंल तुमची."

परतीच्या वाटेत तात्या मुलगी तोंडाळ असल्याचं सांगत होते, वाचलो म्हणे. वाचली ती, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरणार नव्हतं. मी मधूकडे बघत होतो. नको ते आत घुसलं की तळपायसुद्धा लाल होतो, तापतो, कुणाची परवानगी मागत नाही. आणि हा शिकलासवरलेला घोडा काकांच्या शेजारी मुकाट बसलेला.

सोलापूर जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, तिचा पाय बरा होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. "पण हे तिथं विचारायचं होतंस."