दुसऱ्याच्या कमरेचा पट्टा

घरी आलेल्या पाहुण्याला आरीवाले चहा विचारत नाहीत, आधी हात धुऊन यायला सांगतात. मग आतल्या खोलीचं कुलूप निघतं. ही खोली झोपायची म्हणून बांधलेली असली तरी तिथे पलंग नाही, भिंतीला लागून कपाटं आहेत. खिडकीच्या फटी ओलावा शिरू नये म्हणून चिकटपट्टीने बुजवलेल्या. आरीवाले पांढरे सुती हातमोजे चढवतात, एक कप्पा ओढतात आणि मखमलीवरचा घडीचा चाकू उचलतात. तो ते कोणाच्या हातात देत नाहीत. पाहुण्याच्या कानाशी नेऊन उघडतात आणि मिटतात.

"ऐकलंत? चट्! आणि हा दुसरा ऐका. खट्. फरक कळला ना?"

पाहुण्याला काही कळलेलं नसतं. तो "वा" म्हणतो. असल्या "वा"वर आरीवाल्यांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य चाललं आहे.

नोकरीत असताना ते पाणीपुरवठा खात्यात खरेदी अधिकारी होते. आयुष्यभर त्यांनी नळ, झडपा आणि पाइप मागवले. त्यातला एकही बसवताना पाहिला नाही. मागवायचं, आलेलं तपासायचं, कपाटात ठेवायचं आणि किल्ली खिशात टाकायची, एवढं ते मन लावून शिकले. सुटे भाग पडून असताना गावात नळ गळत राहिले, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. भांडार मात्र व्यवस्थित होतं.

आता त्यांच्या कपाटात हाताने घडवलेले, मुद्दाम सांगून करून घेतलेले, जुन्या धाटणीचे खिशातले चाकू असतात. प्रत्येकाला मुख्य पात्याच्या जोडीला एक आखूड, जाड, टोकदार पातं आहे. ती आरी. चामड्याला भोक पाडायला. पूर्वी घोडी, खोगीर, लगाम असल्या गोष्टींशी ज्यांचा रोजचा संबंध होता ती माणसं असे चाकू खिशात ठेवत. वाटेत चामड्याची वादी तुटली की जागच्या जागी नवीन भोक पाडून काम भागवत. आरीवाल्यांचा घोड्याशी आलेला संबंध म्हणजे लहानपणी फोटोसाठी त्यांना एकावर बसवलं होतं आणि ते रडले होते.

मग आरीच का? तर शहरातल्या चाकू जमवणाऱ्यांच्या मंडळात प्रत्येकाचा एक प्रांत ठरलेला आहे. हाडाच्या मुठी मंडळातल्या एका दंतवैद्यांनी घेतल्या होत्या, शिंगाच्या एका ठेकेदाराने. आरीकडे कोणी पाहिलं नव्हतं. आरीवाल्यांची आवड अशी उरलेल्या जागेत बसलेली आहे.

या सगळ्या आऱ्यांनी मिळून अजून एक भोक पाडलेलं नाही. टोक झिजलं की नग बाद. बायकोच्या पर्सचा पट्टा लांब झाला तेव्हा ती कोपऱ्यावरच्या चांभाराकडे जाऊन आली. स्वयंपाकघरातला तिचा चाकू मुठीला दोरा गुंडाळलेला आहे. ती म्हणते, "भोक पाडायचं सगळं सामान आहे हो आमच्याकडे. पाडायची परवानगी तेवढी नाही."

एवढ्या चाकूंत एक नव्हता, आणि त्या एकासाठी आरीवाल्यांची झोप उडाली होती. तो करणारा माणूस पूर्वी जाहिराती लिहायचा. मग त्याला साक्षात्कार झाला, त्याने शहराबाहेर एक पत्र्याची शेड घेतली, दाढी वाढवली आणि चामड्याचा एप्रन बांधला. मंडळात त्याला मास्टर म्हणतात. वर्षाकाठी तो मोजके चाकू करतो आणि न मोजता प्रवचनं देतो. "माणूस हात विसरला आहे," हे त्याचं आवडतं वाक्य. जाहिरातीच्या दिवसांतलं कौशल्य वाया गेलेलं नाही. त्याच्या अटी दोन. मूठ गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाची होणार, म्हणून माप द्यायला स्वतः यायचं. आणि चाकू ताब्यात घेताना कमरेचा पट्टा काढून, त्याच आरीने, मास्टरसमोर त्यात एक भोक पाडायचं. भोकाशेजारी मास्टर तापवलेल्या लोखंडाने आपली खूण उमटवतो. त्यामुळे मंडळात आता चाकूइतकाच पट्ट्याला मान आहे. पट्ट्याशिवाय चाकू म्हणजे अर्धा संच.

मागच्या वर्षी असा संच दंतवैद्यांनी मिळवला आणि वार्षिक प्रदर्शनात "वर्षाचे संग्राहक" हा करंडकही. आरीवाल्यांना तो घाव जिव्हारी लागला. "दात उपटणाऱ्याला आरी कशाला हवी? प्रांत माझा आहे!" असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. या वर्षी करंडक आपल्याच घरी आला पाहिजे, दुसरं काही त्यांना दिसेना. ते शेडवर गेले. मास्टरने विचारलं, "वापरणार कशासाठी?"

आरीवाले आयुष्यात फार वेळा खरं बोलले नसतील, नेमके तिथे बोलले. "वापरणार कशाला? ठेवणार."

"मी कपाटांसाठी चाकू करत नाही," मास्टर म्हणाला आणि पाठ फिरवून घासत बसला. त्याचा प्रत्येक चाकू कोणाच्या ना कोणाच्या कपाटातच आहे, हे त्यालाही माहीत आहे. पण विचारल्यावर गोड खोटं बोलायचं असतं. दंतवैद्य बोलले होते.

आरीवाल्यांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा गाडी चालवायला शिकवतो. आडवा, हसरा माणूस. तो शेजारी बसला की शिकाऊ गाडी डावीकडे कलते.

"तू फक्त जायचंस. हात मोजू द्यायचास. वापरणार का विचारलं तर हो म्हणायचंस."

"कशाला वापरणार म्हणू?"

"चामड्याचा धंदा आहे म्हण."

"भावोजी, माझा धंदा क्लचचा आहे."

"अरे, मग सीटची कव्हरं शिवतो म्हण! एवढं डोकं चालत नाही?"

आतून बायको म्हणाली, "जा रे बाबा. एकदाचा तो चाकू आला की या घरात दुसऱ्या कशावर तरी बोलता येईल."

मेहुणा गेला. हाताचं माप दिलं, हाताविषयीचं प्रवचन सुरू झाल्यावर स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढली. चाकू तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा पुन्हा गेला. मधल्या काळात डॉक्टरांनी त्याचं गोड बंद केलं होतं आणि पँट खाली सरकू लागली होती. त्याने पट्टा काढला, आरी टेकवली, फिरवली, भोक पाडलं आणि "बरं झालं, हवंच होतं," म्हणाला. मास्टर गहिवरला म्हणे. इतक्या वर्षांत भोक खरोखर हवं असलेला हा पहिलाच माणूस त्याच्या दारात आला होता.

मेहुणा एका हाताने पँट धरून आणि दुसऱ्या हातात चाकू नि पट्टा घेऊन घरात शिरला. आरीवाल्यांनी आधी चाकू उजेडात धरला.

"हात लावलास याला?"

"नाही, पायाने पाडलं भोक."

मूठ मेहुण्याच्या पंजाच्या मापाची होती. आरीवाल्यांच्या हातात तो चाकू लाटण्यासारखा दिसत होता. त्याची त्यांना पर्वा नव्हती. चाकू हातात धरायचा त्यांचा बेतच नव्हता. मेहुणा सुतळी बांधून घरी गेला.

प्रदर्शन एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. हिरवं कापड घातलेली टेबलं, नावाच्या पाट्या, आणि भिंगं घेऊन वाकलेले पुरुष. आरीवाल्यांनी चाकू मधोमध मांडला. पट्टा टेबलाच्या कडेवरून लोंबायला लागला तेव्हा तो दुमडून ठेवला. परीक्षक आले, चट् ऐकली, माना डोलावल्या. करंडक हातात आल्यासारखाच होता. तेवढ्यात संयोजकांना कल्पना सुचली: मास्टरच्या चाकूंचे सगळे मालक आपापले पट्टे बांधून रांगेत उभे राहतील, फोटो छान येईल. दंतवैद्य तर पट्टा कमरेला बांधूनच आले होते.

"बांधा, बांधा," सगळे म्हणाले.

आरीवाल्यांनी बांधला. पट्टा एक फेरा घेऊन पुन्हा पाठीकडे निघाला. मास्टरची खूण असलेलं भोक पार मागे, मणक्यावर जाऊन बसलं.

दंतवैद्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "फारच उतरलात हो तुम्ही. माझ्याकडे नको, पण दुसऱ्या कोणा डॉक्टरला दाखवून घ्या."

"आजारी होतो मध्यंतरी," आरीवाले म्हणाले.

चहाच्या टेबलाशी बसलेल्या बायकोने बशी खाली ठेवली. "कधी हो?"

ती खोडसाळपणे बोलली की निरागसपणे, यावर मंडळात आजही दोन मतं आहेत. पण तिच्या शेजारीच मेहुणा बिस्किटं खात बसला होता आणि त्याच्या कमरेला सुतळी होती. परीक्षकांनी सुतळी पाहिली, पट्टा पाहिला. पट्टा खरा कोणाचा, ते उघड झालं.

त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात खोटेपणाचा उल्लेख कोणी केला नाही. तसा केला असता तर बऱ्याच जणांची पंचाईत झाली असती. वाद वर्गवारीचा होता. हात एकाचा, कंबर त्याचीच, कपाट दुसऱ्याचं. मग संच कोणाचा? मोठी माणसं, त्यांत एक निवृत्त न्यायाधीश, गंभीर चेहऱ्याने यावर भांडली. शेवटी मास्टरला फोन लावला. "चाकू हाताचा असतो," तो म्हणाला. झालं. आरीवाल्यांचं नाव पाटीवरून खोडलं, मेहुण्याचं लिहिलं. करंडक पुन्हा दंतवैद्यांकडे गेला. "उदयोन्मुख संग्राहक" म्हणून मेहुण्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याचा संग्रह एका नगाचा होता, पण हात, पट्टा आणि कंबर जुळत असलेला त्या हॉलमधला तो सर्वांत निर्दोष संग्रह होता.

मेहुण्याने प्रशस्तिपत्राची गुंडाळी केली, पट्टा बांधला आणि नाव आपलं लागलं आहे म्हणून चाकूही खिशात टाकला. आरीवाले पार्किंगपर्यंत त्याच्या मागे गेले.

"अरे, निदान वापरू तरी नकोस!"

"वापरीन असं सांगून घेतलाय, भावोजी. तुम्हीच सांगायला लावलंत."

आता तो त्या चाकूने सफरचंद कापतो आणि सीटच्या कव्हरांना खरोखर भोकं पाडतो. आरीवाल्यांनी बायकोच्या माहेरी जाणं सोडलं आहे. आपण कुठे चुकलो असं विचारलं तर ते ठामपणे सांगतात, "माणूस निवडण्यात." पश्चात्ताप तेवढाच.

या लेखासाठी फोटो काढायला आमचा छायाचित्रकार त्यांच्या घरी गेला. आरीवाल्यांनी त्याला हात धुवायला लावले, कपाटं दाखवली, मखमलीतली रिकामी जागाही दाखवली. तो वाकून फोटो काढत असताना ते मागून बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. त्याची अंगकाठी त्यांच्यासारखीच आहे.

"तुमची कंबर किती हो?" त्यांनी विचारलं.

"बत्तीस. का?"

"माझीही बत्तीस." आरीवाल्यांनी हातमोजे काढले. "हात बघू जरा तुमचा."