पाहुणं आलेलं यंत्र

अनुसयेने गजेंद्रला पहिल्यांदा पाहिलं ते सुरतेच्या बमरोलीतल्या एका लग्नात. मंगलाष्टकं चालू असताना माईक बंद पडला. भटजींचे नुसतेच ओठ हलताहेत, वऱ्हाडी हसताहेत, आणि मांडवाच्या कोपऱ्यात एक सावळा, किरकोळ मुलगा लाऊडस्पीकरच्या पेटीचं झाकण उघडून आत बघत बसला आहे. त्याला कसली घाई दिसत नव्हती. झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेताने त्याने एक तार उचलली, दुसरीला लावली, आणि भटजींचा आवाज अर्ध्या ओळीपासून पुन्हा मांडवभर पसरला. लोकांनी अक्षता टाकायला हात वर केले तेव्हा मुलगा रुमालाला हात पुसत बाहेर निघूनही गेला होता.

पुढे त्याच मुलाचं स्थळ तिला सांगून आलं. दोन्ही घरं मूळची अमळनेरकडची, वडील मागावर कामाला म्हणून सुरतेला आलेले. गजेंद्र मात्र मागावर गेला नाही. साड्यांवर भरतकाम करणारी मोठी मशिनं उधन्यात आहेत, त्यांची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं तो दुरुस्त करतो. बोलतो कमी. जेवताना भिंतीकडे बघत मध्येच हसतो. सुरुवातीला अनुसयेला वाटायचं, भाजीत काहीतरी चुकलं.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा तो एका यंत्राची वाट बघायला लागला. तळहातावर मावेल एवढा संगणक, चष्म्याच्या घरासारखा उघडणारा, आत खरीखुरी बटणं. तो दुकानात मिळत नव्हता. परदेशातले चार-पाच हौशी लोक नोकरी सांभाळून तो बनवत होते. जगभरातले त्यांच्यासारखेच खुळे त्यांच्याशी फोनवर गप्पा मारायचे. त्यात गजेंद्रही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

"फोन आहे ना तुमच्याकडे?" अनुसया म्हणायची.

"फोन आपल्याकडे बघत बसतो. हे आपण सांगू तेवढंच करतं."

"म्हणजे घरात असं एक तरी हवंय तुम्हाला."

तो हसायचा आणि पुन्हा त्यांनी पाठवलेले यंत्राचे फोटो बघायचा. बिजागरी बदलली, बटणं थोडी वर घेतली, असं तिला सांगायचा. सासरच्या माणसांची खुशाली सांगावी तसं. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिलाही कधीकधी वाटे, कुठल्याशा थंड गावात कोणी टेबलावर वाकून बसलंय आणि आपल्या घरी यायचं काहीतरी हळूहळू घडतंय. दोन दिवाळ्या अशा गेल्या.

मग कळलं, पहिले नमुने तयार झाले. फार थोडे होते, म्हणून ते फिरवायचे ठरले. प्रत्येकाने महिनाभर वापरायचा, काय खुपतं ते कळवायचं आणि चालू स्थितीत पुढच्याला द्यायचा. भारतात पहिला मान गजेंद्रचा, त्याच्यानंतर त्याच गप्पांतली बेळगावची हर्षदा. कापड बाजारात वाढलेल्या गजेंद्रला यात नवल वाटलं नाही. "सँपल आहे," तो म्हणाला. "सँपल एका घरी राहत नाही."

पार्सल आलं तेव्हा तो कामावर होता. अनुसयेने फोन केला. "उघडून ठेव, आलोच," तो म्हणाला. खोकं उघडून ती स्वयंपाकघरात वळली तेवढ्यात तिच्या सासूबाई, सरलाबाई, ताम्हण घेऊन आल्या. दसऱ्याला गजेंद्र स्वतः कारखान्यातल्या एकेका मशिनला हार घालतो. नवी वस्तू घरात आली आणि तशीच वापरली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. सरलाबाईंनी यंत्र उघडं करून देवापुढे ठेवलं, पाण्यात बोट बुडवून कडेला हळदकुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या.

गजेंद्रने येऊन ते पाहिलं. कापडाने पुसलं, पालथं करून तांदूळ झटकले आणि चालू केलं. पडदा उजळला. त्या संध्याकाळी ते यंत्र घरभर फिरलं. शेजारच्या पुष्पाबाईंनी आपलं नाव उमटवून घेतलं. अनुसयेने 'कोथिंबीर' लिहिलं, कारण तिला दुसरं काही सुचेना. गजेंद्रने अंगठ्यांनी भराभर काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही. मग त्याने ते अलगद मिटलं. आत बारीकसं काहीतरी चिरडलं गेलं.

पुन्हा उघडलं तर पडदा काळा. बिजागरीत तांदळाचा एक दाणा राहिला होता. त्याने पडद्याकडे जाणारी कागदासारखी पातळ पट्टी कापली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातला शालिग्राम म्हणाला, "कुरियरवर ढकल की. कोण बघायला येतंय?"

गजेंद्र ते ऐकून घरी आला आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिला. खरं सांगितलं तर त्याला फेरीतून काढतील, पुन्हा कधी बोलावणार नाहीत, हे अनुसयेला न सांगता कळत होतं. पण त्याची अडचण वेगळीच होती.

"आईचं नाव येईल," तो हळूच म्हणाला. "हसतील तिला."

सरलाबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता अहिराणीत म्हणाल्या, "लिख ना मनं नाव. पूजा करी मी, चोरी नही करी."

त्याने बनवणाऱ्यांना सगळं लिहिलं. दाण्याचा फोटोही पाठवला. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते प्रश्नांचंच: पूजा म्हणजे काय, यंत्राची का करतात, तांदूळच का? शेवटी, नवी पट्टी पाठवतो, बसवशील का? कोणी रागावलं नाही. हर्षदाचाच फोन आला. "दादा, सावकाश होऊ द्या."

पट्टी आली तेव्हा गजेंद्रचा महिना उलटून गेला होता. त्याने खिडकीपाशी बसून ती बसवली. पडदा उजळला तसा त्याच्या तोंडावर तो निळसर उजेड पडला आणि अनुसयेला वाटलं, आता हा काही याला सोडत नाही.

"आठ दिवस ठेवा," ती म्हणाली. "एकच संध्याकाळ तर मिळाली. हर्षदाला काय कळणार?"

"नाही कळणार," तो म्हणाला. "पण ती दाराकडे बघत असेल."

त्याने यंत्र हातात घेतलं. कोपऱ्यात राहिलेला हळदीचा डाग त्याने नखाने खरवडून पाहिला, तो निघाला नाही. मग त्याने ते ब्लाउजच्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि चप्पल घालून कुरियरच्या दुकानाकडे निघाला. अनुसया त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली.

हल्ली भारतात येणारे नवे नमुने बनवणाऱ्यांच्याच सांगण्यावरून आधी गजेंद्रच्या घरी येतात. तो ते चालू करून बघतो आणि पुढच्या माणसाला पाठवतो. स्वतःचं यंत्र त्याच्याकडे अजून नाही.