दंडावरची कानबाई

देवीवर रागावलेल्या बाईच्या तोंडून आरतीचे शब्द फुटत नाहीत. माझं तेव्हा तसंच झालं होतं. बांधावरच्या भांडणात पोलिसांनी माझ्या नवऱ्याला नेलं आणि जामीन मिळेपर्यंत कित्येक महिने ते जेलमध्येच राहिले. ज्याने काठी उगारली तो गावात मिशीला पीळ देत फिरत होता. मी आमच्या खानदेशच्या कानबाईला रोज विचारायची, तू नेमकी कोणाच्या घरची आहेस?

ते सुटले त्या दिवशी घ्यायला मी एकटीच गेले. धुळ्यावरून पुढे जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी बाही वर करून दंड दाखवला. निळ्या अक्षरांत ‘कानबाई’ गोंदलेलं. बराकीतल्या साऱ्यांनी आपापल्या देवाचं नाव असंच गोंदून घेतलं होतं म्हणे. मला भरून आलं. मी घरात बसून रुसले होते आणि ह्यांनी मात्र तिला अंगावर वागवलं होतं.

पुढच्या सीटवरची एक म्हातारी मघापासून वळून बघत होती. तिने सरळ ह्यांनाच विचारलं, “भाऊ, सुई बठ्ठासनी एकच व्हती का?”

“हा अक्का, सगळासले तीच. पन हळदना पानीमा धुयेल व्हती.”

“मन्हा पोऱ्या बी जेलमा असाच गोंदीसन उना. त्याले एचआयव्ही व्हता. आम्हले समजं तवय उशीर व्हई गयथा.”

हे चिडले. “आईनं नाव शे अक्का. तिना नाववरी रोग कसा लागी?”

“नाववरी नही रे भाऊ, सुईवरी. सुईले नाव समजस का?”

खरं सांगते, मला त्या बाईचा भयंकर राग आला. इतक्या महिन्यांनी माणूस घरी चाललाय आणि ही कुठली अवदसा मधे तडमडली! पण धुळ्याला ती आमच्याबरोबरच उतरली. तिचं तिकीट पुढचं होतं. माझा हात धरून म्हणाली, “बेटी, घर जावाना पहिले तपासी ल्या.” आमच्यासाठी ती आपली गाडी सोडून उतरली होती, त्यानेच मी विरघळले. ह्यांना म्हटलं, तपासणी केल्याशिवाय मी घरी येणार नाही. हे तोंड फुगवून दवाखान्यात आले. म्हातारी बाहेर बाकावर बसली.

तपासणीत एचआयव्ही निघाला. तिथल्या ताईंनी मला विचारलं, “सुटून घरी आल्याला किती दिवस झाले?”

“अजून घरी पोचलोच नाही.”

त्या म्हणाल्या, “तुम्ही वाचलात. ह्यांच्या गोळ्या लगेच सुरू करू. दोघांनी कशी काळजी घ्यायची ते सांगते, नीट ऐका.”

बाहेर आलो तर बाक रिकामा होता.

हे तिथेच बसून रडले. “आम्हाला कोणी सांगितलंच नाही,” म्हणाले. जेलमध्ये एकदा एड्सवर भाषण झालं होतं. पाहुण्यांनी सांगितलं, वाईट बायांच्या नादी लागू नका! महिनोन्‌महिने बाईचं तोंड न पाहिलेल्या माणसांना हे ज्ञान! सुईबद्दल अवाक्षर नाही, बराकभर फिरणाऱ्या एकाच ब्लेडबद्दल नाही, पुरुषापुरुषांत तिथे जे चालतं त्याबद्दल तर नाहीच. कसं बोलणार? बोललं तर ते चालतं हे कबूल करावं लागेल. झडतीत ह्यांच्या खिशातली बिडी सापडायची आणि बराकभर फिरणारी सुई कोणाला दिसली नाही. माझं रक्त आजही उकळतं.

गोळ्या नेमाने चालू आहेत. हे शेतात जातात, हसतात, माझ्यावर खेकसतातही. ती म्हातारी कोण होती हे मी शोधलं नाही. ज्याने कोणी तिला त्या सीटवर बसवलं त्याचे उपकार मानते. कानबाईशी माझा अबोला सुटला, राग मात्र गेलेला नाही. तो मी तिच्याच पायाशी ठेवलाय, कारण दुसरं कोणी तो ऐकून घेत नाही. श्रावणात सणाला ती घरी आली की तिला म्हणते, आई, त्या बराकीतले बाकीचेही एक एक करून सुटतील. त्यांच्याही बायका त्यांना घ्यायला जातील. त्यांच्या गाडीत चढ. तुला सवड नसेल तर मला पाठव.