एकोणीस डायऱ्यांचे वजन

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणवालीला सगळी इमारत टाचणी म्हणते. अंगाने तशीच, आणि तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या. त्या न काढता ती गिऱ्हाइकाशी बोलते, हसते, वेळ पडली तर भांडतेही. एकोणीस वर्षांपूर्वी ती या देशात एकटी आली. मी त्याच्याही बावीस वर्षे आधी आले. हे आधीच सांगून ठेवते, कारण फिल्मवाल्या मुलीला ते महत्त्वाचे वाटले नाही.

ही मुलगी बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्या लोकांवर माहितीपट करत होती. पहिल्यांदा ती माझ्याकडेच आली. मी ठेवणीतले कप काढले. इथली भाषा मी लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरांच्या हाताखाली शिकले होते. आले तेव्हा व्याकरणाची एक चूक होत नव्हती. मी तासभर बोलले. तिने कॅमेरा पिशवीतून काढलादेखील नाही.

"आजी, तुम्हाला इथे काही जड गेलेलं दिसतच नाही," असे म्हणून ती वर गेली. वरून दोन तास हसण्याचे आवाज येत होते.

टाचणी आली तेव्हा तिला इथल्या भाषेतले चारच शब्द येत होते: लांब, आखूड, घट्ट, सैल. एका लाँड्रीच्या तळघरात ती कपडे दुरुस्त करायची, तिथे तेवढे पुरत. पण तिने त्यांच्यावर अख्खा संसार रेटला. डॉक्टरकडे छातीवर हात ठेवून "घट्ट" म्हणाली आणि औषध घेऊन आली. घरमालकापुढे भाड्याचा करार धरून म्हणाली, "आखूड. लांब, लांब." त्याने हसत हसत एक वर्ष वाढवून दिले. पुढे शब्द वाढले, स्वतःचे दुकान झाले. कोणते गिऱ्हाईक वर्षभरात जाड होणार हे ती चेहऱ्यावरून ओळखते आणि शिवणीच्या आत तेवढे कापड राखून ठेवते.

हे सगळे तिने कॅमेऱ्यासमोर सांगितले. मुलगी खूश. माझा जळफळाट झाला. त्याला दुसरा शब्द नाही. कराराची गोष्ट तर तिने पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली होती. तारीख आहे माझ्या डायरीत.

मग मुलीला हवे होते की टाचणीने पहिल्या दिवसासारखे पुन्हा सुटकेस घेऊन जिना चढावे. जुनी सुटकेस माळ्यावरून निघाली. रिकामी हातात नुसती झुलायची. चिंध्या कोंबल्या तरी हलकीच.

टाचणी खाली माझ्या दारात आली. "मावशी, तुमच्या डायऱ्या द्या ना."

"वाचायला?"

"छे हो, माझा जन्म पुरायचा नाही! वजनाला हव्यात. या इमारतीत त्यांच्याइतकं जड दुसरं काही नाही."

मी नाही म्हणणार होते. पण मग फिल्ममध्ये माझे काहीच राहिले नसते. ती आल्यापासूनच्या एकोणीस डायऱ्या मी काढल्या आणि स्वतःच सुटकेसमध्ये रचू लागले. पहिली हातात आली तेव्हा ती आली तो दिवस उघडला. त्या दिवशी मी तिला आत बोलावून चहा दिला, असे मी इतकी वर्षे सगळ्यांना सांगत आले होते. पानावर माझ्याच अक्षरात होते: "सकाळी धुके. वर नवीन भाडेकरू आली, आपल्याकडचीच. सुटकेस जड. आपल्या दारापाशी थांबून धापा टाकत होती. हे म्हणाले, बघ जरा. मी म्हटले, माझी कोणी उचलली होती? कडी काढली नाही."

मी ती डायरी तळाशी घातली.

कॅमेरा वरच्या पायरीवर लागला. "आजी, दार बंद ठेवा आणि अजिबात आवाज करू नका," मुलीने बजावले. मी दारामागे उभी राहिले. सुटकेस एकेक पायरी आपटत वर आली आणि माझ्या दारापाशी थांबली. धापा ऐकू आल्या. मी कडी काढली, बाहेर गेले आणि सुटकेसची दुसरी बाजू धरली.

"थांबा, थांबा! आजी, हे काय? त्या दिवशी तुम्ही बाहेर आला होता का?"

मी टाचणीकडे पाहिले. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी तिने ओठ घट्ट मिटले होते.

"आल्या होत्या," ती म्हणाली. "राहू दे तसंच. आणि मावशी, जरा नीट उचला. तेव्हासुद्धा सगळा भार माझ्यावरच टाकला होता तुम्ही."

फिल्म एका सभागृहात दाखवली. टाचणी पाऊण तास होती, मी चार सेकंद, तेही मनगटापर्यंत. टाळ्या तिलाच पडल्या. शेजारच्या खुर्चीतली बाई माझा हात दाबून म्हणाली, "किती चांगल्या हो तुम्ही!" मी मान डोलावली.

घरी येऊन मी डायरीत खरे ते लिहिले: कडी काढली नव्हती, आणि हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. एकोणीस वर्षांत तिने एकदाही ते बोलून दाखवले नाही. पडद्यावरचे चार सेकंदसुद्धा मला तिनेच दिले. त्याचा मला अजून राग येतो.