सुखदेवच्या आवाजासाठी मांडलेली खोली

सुखदेवच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून आवाज आला, तेव्हाच मला कळलं. गेले आठ महिने त्या नंबरवरून आवाज येत नव्हता. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं होतं, तरी तो रोज फोन करायचा. बोलायचो मी. तो नखानं फोनवर टिचकी मारायचा, एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. त्या दिवशी सकाळी मी हिंगोलीतल्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो. फोन कानाला लावला आणि सवयीनं म्हणालो, "बोल बाबा, च्या घेतला का?" तर त्याची बायको, शोभावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या तुमी." एवढंच. काय झालं ते मी विचारलं नाही.

याला आता दोन महिने झाले. भेटणारे लोक म्हणतात, तुमची लहानपणची मैत्री, तुम्ही त्याच्यासाठी घरात स्टुडिओ उभा करून दिला, फार केलंत. मी मान खाली घालतो. त्यांना ती विनयशीलता वाटते. ती नाही. मी काय केलं ते एकदा लिहून ठेवायचं आहे, म्हणून हा लेख.

डोंगरकड्याजवळचं आमचं गाव. सुखदेव दिवसभर केळीच्या बागांत घड कापायचा, वाहायचा, आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसायचा. आमची गायन पार्टी होती. तो गायचा, मी ढोलकीवर, मागे कोरसला दोघं. जयंतीला भीमगीतं सगळेच गातात, तोही गायचा. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. आमच्या बौद्ध समाजात माणूस गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, चार माणसं गेलेल्याविषयी बोलतात, मग गायन पार्टी गाते. बाकीच्या पार्ट्या ठरलेली गाणी म्हणतात. सुखदेव मात्र दुपारीच त्या घरी जायचा आणि थेट स्वयंपाक चाललेला असेल तिथं, बायकांत जाऊन बसायचा. त्यांच्याबरोबर लसूण सोलायचा आणि विचारायचा, "भाजीत मीठ कमी पडलं तर मामी काय म्हणायच्या?" "रुसल्या तर किती दिवस रुसायच्या?" "कोणाच्या घरी पाणी प्यायच्या न्हाईत, अन काहून?" बायका आधी बिचकायच्या, मग बोलायच्या, मग एकमेकींना खोडून काढायच्या. संध्याकाळी तो उभा राहायचा आणि त्या एकाच माणसाचं, त्या एकाच घराचं गाणं म्हणायचा. आमच्या गावातल्या सखुआत्याचं गाणं मला आठवतं...

दार लावू नका गं, सखुआत्या येईल,
इस्तू मागायच्या निमतानं सुखदुख पुसून जाईल.

विस्तव मागायला येऊन तासभर चुलीपुढे बसणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहायची. माणसं हसायची आणि हसता हसता पदर तोंडाला लावायची. ते गाणं सुखदेव तेवढं एकदाच म्हणायचा. दुसऱ्या गावात कितीही आग्रह झाला तरी नाही. "ते त्या घरचं हाय," म्हणायचा. "दुसऱ्याच्या घरचं भांडं आपण कशाला वापरायचं?" घरी आला की वहीत उतरवून ठेवायचा. मी पुढे दुकान टाकलं, ढोलकी सुटली, पण तो गात राहिला.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर तो ती वही घेऊन दुकानात आला. म्हणाला, "सदतीस हायेत. लोक मागून राहिले रे. आमच्या मायचं गाणं एकदा म्हणा, आमच्या बापाचं म्हणा. मी रेकॉर्ड करून ज्याचं त्याला देऊन टाकतो. मग मी मोकळा." त्याचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे घरातली एक खोली रिकामी होती. मग त्यानं विचारलं, "फोनवर करू का? शोभाच्या फोनमध्ये बराबर येते आवाज."

मी म्हणालो, "फोनवर नको. आवाजाचं मातेरं होईल. आपण नीट करू."

त्यानं वही मिटली. "तू म्हणशील तसं," म्हणाला.

मला इथं खरं सांगितलं पाहिजे. वीस वर्षं मी लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर उघडतो, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढतो. इतकं चांगलं काम माझ्याकडे कोणी घेऊन आलं नव्हतं. मी हरखून गेलो. रोज व्हिडिओ बघायला लागलो, याद्या करायला लागलो. आधी लॅपटॉप पाहिला, तर त्याच्या पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून रद्द केला. मग मोठा कॉम्प्युटर जुळवायचा ठरवला, कमी आवाजाचा पंखा, भरपूर मेमरी. गावात विजेचा दाब वरखाली होतो म्हणून अर्थिंग नव्यानं करवून घेतलं, त्यात पंधरवडा गेला. माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक डबी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. मागवलेली डबी त्या कॉम्प्युटरशी जुळेना, ती परत पाठवली. पहिला माईक इतका नाजूक निघाला की पत्र्यावर चिमणी चालली तरी ऐकू यायची, शेजारची पिठाची गिरणी तर खोलीत असल्यासारखी. मग जवळचंच ऐकणारा दुसरा माईक शोधला. आणि डिस्क. साधी, फिरणारी जुनी डिस्क घेतली तरी चालेल, असं माझंच एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. मी ऐकलं नाही. नव्या पद्धतीची, न फिरणारी, आवाज न करणारीच हवी होती मला.

सुखदेव हसायचा. "मिलिंद्या, तू कॉम्प्युटर घेऊन राहिला का पोरगी पाहून राहिला? हिचं नाक मोठं, तिचा मामा आडवा."

"घाई केलीस तर पस्तावशील."

"मी न्हाई बा करत घाई. पर तुझी पोरगी पसंत होईस्तोवर नवरदेव म्हातारा होऊन राहिला, ते पाह्य."

त्याचा आवाज बसलेला मला दिवाळीतच जाणवला होता. मी म्हणालो, "तंबाखू कमी कर, वाफ घे." तो "व्हय" म्हणाला. मी परत माईकच्या यादीकडे वळलो. माझ्या डोक्यात त्याचा जुना आवाज होता, आणि मी त्या आवाजासाठी वस्तू निवडत होतो. समोर बसलेल्या माणसाचा आवाज मी ऐकतच नव्हतो.

जानेवारीच्या शेवटी सगळं लागलं. रेकॉर्डिंग चालू-बंद कसं करायचं, फाईलला नाव कसं द्यायचं, तेही मी सुखदेवला शिकवलं. शोभावहिनींनी पाच गोधड्या दिल्या, त्या आम्ही भिंतींना टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. रविवार होता. सुखदेव इस्त्रीचा शर्ट घालून आला, कोरसवाले दोघेही आले. त्यानं पहिलं गाणं निवडलं ते त्याच्या स्वतःच्या आईचं. मी कानाला हेडफोन लावले. तो गायला, पूर्ण गायला. माझ्या माईकनं काही म्हणजे काही सोडलं नाही. शब्दांमागे हवा गळत होती, वरच्या पट्टीत आवाज चिरत होता, तिसऱ्या कडव्यात एक ओळ नुसती फुंकर झाली होती. गाणं संपल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणालो, "घोगरा येऊन राहिला रे. पंधरा दिवस थांबू. आवाज मोकळा होऊ दे."

"हे राहू दे की एवढं," तो म्हणाला.

"खराब कशाला ठेवायचं? पुढं चुकून हेच जायचं कोणाच्या तरी घरी." असं म्हणून मी त्याच्या समोर ते पुसलं. नुसतं पुसलं नाही, दुकानातल्या सवयीनं कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही लगेच रिकामी केली.

तो पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बरं. तुला पटंल तवा." पेटीचा भाता त्यानं सावकाश मिटवला आणि उठून चहा सांगायला गेला.

अकराव्या दिवशी त्याचा श्वास कोंडला. नांदेडला नेल्यावर डॉक्टरांनी आधी गळ्याला भोक पाडून नळी घातली, आणि पुढे स्वरयंत्र काढलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात शोभावहिनींनी मला जे सांगितलं ते आजतागायत मी कोणाला बोललो नव्हतो. घशातला तुकडा तपासल्याचा रिपोर्ट त्या रविवारच्या आदल्या दिवशीच आला होता. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं होतं. "म्या लई म्हणलं, चला उद्याच्या उद्या," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणले, आधी गाणी होऊ दे. अन तुमी गेल्यावर म्हणले, मिलिंदनं पंधरा दिवस सांगितले, तेवढे थांबू. त्याला नीट पाहिजे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लगेच गेला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही... विचारायची हिंमत झाली नाही.

त्याला मात्र विचारलं, सांगितलं का नाहीस म्हणून. त्यानं औषधाच्या कागदाच्या मागे लिहिलं, "तू लई हौसेनं मांडलं होतं." थोडं थांबून खाली आणखी लिहिलं, "आईचं बरं झालं होतं ना गाणं?"

त्याच दिवशी संध्याकाळी मी ती डिस्क काढून दुकानात आणली. पुसलेलं परत मिळवणं हा माझा धंदाच आहे. लग्नाचे फोटो, शाळेचे निकाल, कितीतरी जणांचं मी काढून दिलं आहे. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली गोष्ट, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तळाशी पडून असते. नव्या डिस्कचं तसं नसतं. पुसलं की ती रिकामी झालेली जागा मागाहून आपणहून स्वच्छ करून टाकते. हे मला माहीत होतं, तरी तीन दिवस मी प्रयत्न केला. काही नव्हतं. चौथ्या दिवशी ती परत त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. सगळ्यात चांगली म्हणून मी निवडलेली डिस्क, ती तिच्या कामाला चोख निघाली.

सुखदेवच्या पुण्यानुमोदनाला कळमनुरीकडची एक पार्टी आली आणि ठरलेली गाणी गाऊन गेली. दुपारी मी धीर करून बायका तांदूळ निवडत होत्या तिथं जाऊन बसलो होतो. त्याचं एक गाणं व्हावं, निदान चार ओळी, असं वाटत होतं. त्याची चुलती म्हणाली, "पुसा की, काय पुसायचं ते. तो पुसायचा तसं." मला एकही प्रश्न सुचला नाही. पन्नास वर्षांची ओळख, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर तो काय म्हणायचा हे मला ठाऊक नव्हतं. मी तांदळातले चार खडे काढले आणि उठलो.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. कनेरगाव नाक्याकडचे एक म्हातारे गृहस्थ एसटीनं आले होते, आपल्या बायकोचं, गयाबाईचं गाणं मागायला. सुखदेव गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या घरी रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. मी गेलो. ते मामा गोधड्या टांगलेल्या त्या खोलीत, खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. काही नाही हे दाखवून द्यावं म्हणून मी कॉम्प्युटर चालू केला, तर त्यात एक फोल्डर होता. आत सदतीस फायली. प्रत्येकीला गेलेल्या एकेका माणसाचं नाव.

"रोज दुपारी दार लावून बसायचे हितं," वहिनी दारातून म्हणाल्या. "मला वाटायचं, नुसते बसतेत."

गयाबाईच्या नावाची फाईल मी लावली. आधी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग श्वास. गळ्यातल्या नळीतून आत जाणारा, बारीक शिटीसारखा, मग लांबवर सोडलेला, मग पुन्हा. शब्द नाही, सूर नाही. ओठ हलत असावेत, कारण मध्ये मध्ये त्यांचा ओला, हलका आवाज येत होता. मी हेडफोन काढून मामांच्या कानाला लावले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळानं त्यांचं बोट गुडघ्यावर हललं. "हितं पहिलं कडवं सरलं," ते म्हणाले. "आता तिच्या बांगड्यांचं येईल."

चार मिनिटांनी फाईल संपली. मामांनी डोळे उघडले.

"अन आवाज कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. फोनवर नको म्हणालो तिथपासून त्या रविवारी पुसलं तिथपर्यंत, सगळं सांगितलं. वहिनी दारातच उभ्या होत्या. पुसल्याचं त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. मामांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर नीट बसवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पुन्हा लावा."